हिशेब मागणारे बाबासाहेब

जयंतीचे दिवस आले की मिरा रोड ते भाईंदर या पट्ट्यात निळे झेंडे आणि फलक लागतात. अशाच एका फलकावर बाबासाहेबांच्या फोटोखाली रिझर्व्ह बँकेचे जनक असं लिहिलेलं होतं. शनिवारी संध्याकाळी विहारात आमचा अभ्यासवर्ग भरतो. तिथे बारावी कॉमर्सला असलेल्या एका मुलीने मला विचारलं की ताई, बँकेसाठी बाबासाहेबांनी नेमकं काय केलं? मला एका वाक्यात सांगता येईना. घटना, महाड, धम्मदीक्षा यांवर आपण कितीही वेळ बोलू शकतो. पण ज्या माणसाने आयुष्यातली उमेदीची दहा वर्षं सरकारचे जमाखर्च वाचण्यात घालवली, त्या माणसाबद्दल आपल्याला फारसं काही सांगता येत नाही. म्हणून हा लेख. त्यांचं अख्खं चरित्र यात नाही. हिशेबाच्या वहीच्या अंगाने ते आयुष्य कसं दिसतं, एवढंच इथे मांडते.

14 एप्रिल 1891 ला महूला जन्म, सुभेदार रामजींची शिस्त, 1907 साली मॅट्रिक, 1912 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., हे सगळं आपल्याला पाठ आहे. फेब्रुवारी 1913 मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. सयाजीराव गायकवाडांनी दिलेली शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची होती, मुदत तीन वर्षांची होती, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची अट होती. त्यातूनही पैसे वाचवून ते घरी पाठवत. कोलंबिया विद्यापीठात त्यांना कोणताही विषय घेता आला असता. जातीबद्दल त्यांनी 1916 साली निबंध वाचलाच. पण त्याच्या आधी, मे 1915 मध्ये, एम.ए.साठी दिलेला प्रबंध होता ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर. फक्त 42 पानांचा.

चोवीस वर्षांचा हा मुलगा कंपनीच्या वह्या उघडून बघतो. जमेच्या बाजूला काय आहे? शेतसारा, अफू, मीठ, जकात. खर्चाच्या बाजूला काय आहे? लढाया, कर्जावरचं व्याज, विलायतेतला खर्च. रस्ते, कालवे, शाळा यांच्यावरचा खर्च शोधावा लागतो. 1833 च्या कायद्याने तर कंपनीच्या भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून द्यायचं ठरलं होतं. 1858 साली कंपनीचं राज्य गेलं, पण तिचं कर्ज मात्र हिंदुस्थानच्याच माथी राहिलं. म्हणजे हा देश जिंकायला जो पैसा लागला, तोही याच देशातल्या रयतेने फेडला. इंग्लंडला हिंदुस्थानाने किती दिलं आणि इंग्लंडने हिंदुस्थानला काय दिलं, ही तुलना त्या छोट्या प्रबंधाच्या शेवटी येते. ती तुलना करायला आवाज चढवावा लागलेला नाही.

यातल्या मिठाकडे भाईंदरच्या माणसाने जरा थांबून बघावं. खाडीकडेला आपली मिठागरं आहेत, त्यातली काही अजून चालू आहेत. मीठ म्हणजे असा जिन्नस की सावकार आणि त्याच्याकडे राबणारा गडी दोघंही जवळजवळ सारखंच खातात. उन्हात घाम गाळणाऱ्या गड्याला तर थोडं जास्तच लागतं. त्यामुळे मिठावरचा कर वहीत सगळ्यांना समान दिसतो आणि घरात मात्र गरिबाला जास्त बोचतो. ताळेबंद जुळलेला असला म्हणून तो न्याय्य आहे असं होत नाही. बाबासाहेबांच्या पुढच्या सगळ्या लिखाणात ही नजर दिसते.

पीएच.डी.साठी 1916 मध्ये दिलेला प्रबंध पुढे 1925 साली लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकाने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती या विषयावरचं पुस्तक म्हणून छापला. सयाजीरावांना अर्पण, आणि प्रस्तावना प्राध्यापक सेलिग्मन यांची. पुस्तक छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्यावर पदवी मिळाली, ती 1927 साली. अकरा वर्षं मध्ये गेली. पुस्तकात 1833 ते 1921 या काळातला केंद्र आणि प्रांत यांच्यातला पैशाचा व्यवहार आहे. आधी सगळा पैसा कलकत्त्याच्या मुठीत, मग 1871 पासून प्रांतांना ठरावीक रक्कम, 1877 पासून काही उत्पन्नाची खाती, 1882 पासून उत्पन्नात वाटा. वाचायला कंटाळवाणं आहे, हे मी मान्य करते. मी स्वतः दोनदा अर्ध्यावर सोडलं. पण शेवटच्या भागात जीव आहे. जे सरकार लोकांना जबाबदार नाही, ते शांतता आणि सुव्यवस्थेवर खर्च करतं आणि समाज बदलणाऱ्या कामांना हात लावत नाही, कारण तिथे वरच्या थरातल्यांची नाराजी ओढवते. अंदाजपत्रक हे सत्तेचं चित्र असतं, हे बाबासाहेब विशी-पंचविशीत दाखवून मोकळे झाले होते.

समाजशास्त्रात एम.ए. करताना मला अभ्यासाची एक शाखा भेटली. तिला आपण चिकित्सक लेखाशास्त्र म्हणू. 1970 च्या दशकात ब्रिटनमधल्या काही प्राध्यापकांनी ती वाढवली, तिची स्वतःची नियतकालिकं निघाली. हिशेब तटस्थ नसतो, कोण लिहितो, कोणासाठी लिहितो आणि काय लिहायचं टाळतो हे बघावं लागतं, असा तिचा गाभा. मला ते वाचताना नवल वाटलं नाही. आपल्याकडे जोतीरावांनी 1882 साली हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं की महसूल येतो राबणाऱ्या कुणब्याच्या कष्टातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाकडे. बाबासाहेबांनी त्या मांडणीला आकडे दिले.

आता बडोद्याकडे येऊ. 1917 साली करार पाळायला ते बडोद्यात गेले. नेमणूक कुठे, तर अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात, उमेदवार म्हणून. म्हणजे हिशेबाच्याच खात्यात. शहरात राहायला जागा कोणी देईना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. वरच्या मजल्यावर मोठी अंधारी खोली, रात्री एक कंदील, सोबतीला पुस्तकं. सकाळी दहाला कार्यालयात जायचं आणि शक्य तितका उशीर करून परतायचं. कार्यालयातले शिपाई फायली लांबून टाकत, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत चालतं व्हायला सांगितलं. जगातल्या मोठ्या विद्यापीठात राज्याच्या वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिलेला माणूस त्याच विषयाच्या कार्यालयात काम करू शकला नाही, कारण त्याला झोपायला खोली मिळाली नाही. आपल्या मुलांना मोठ्या हुद्द्यावर गेल्यावर जात सुटेल असं वाटतं, तेव्हा मी त्यांना ही अकरा दिवसांची गोष्ट सांगते.

मग मुंबई. नोव्हेंबर 1918 पासून सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. जानेवारी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकाराबद्दल साक्ष, जानेवारी 1920 मध्ये मूकनायक. पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, एवढ्या भांडवलावर ते पुन्हा लंडनला गेले. तिथे अर्धपोटी राहून ते ग्रंथालय बंद होईपर्यंत बसत, हे आपण खूपदा ऐकलेलं आहे. त्या अभ्यासाचा खर्च आणखी एका ठिकाणी भरला जात होता. परळच्या चाळीत रमाई तुटपुंज्या पैशांत घर चालवत होत्या. पाच मुलांतली चार गेली. लंडनच्या पदवीच्या कोणत्याही हिशेबात ती रक्कम धरलेली नसते.

लंडनमध्ये लिहिलेला प्रबंध म्हणजे द प्रॉब्लेम ऑफ द रुपी. परीक्षकांनी तो पुन्हा नीट मांडून द्यायला सांगितला. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि वर्षअखेरीस पुस्तक निघालं, आईवडिलांना अर्पण केलेलं. प्रस्तावना लिहिणाऱ्या प्राध्यापक कॅनन यांना त्यातली बरीच मतं पटलेली नव्हती, तरी त्यांनी ती लिहिली. विषय किचकट आहे. 1873 नंतर चांदी स्वस्त होत गेली, रुपया चांदीचा, विलायतेची देणी सोन्याच्या पौंडात. 1893 मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या आणि पुढे रुपयाची किंमत सरकारी अधिकाऱ्यांच्या हातात आली. बाबासाहेबांचा आक्षेप असा की रुपया किती काढायचा याचा लगाम सरकारकडे मोकळा ठेवू नये. आणि त्याहून आपल्या कामाचा मुद्दा पुढेच आहे. रुपया घसरला की निर्यातदार आणि गिरणीमालक खूश असतात, त्याला देशाचा फायदा म्हटलं जातं. पण भाव आधी चढतात आणि मजुरी मागून, रखडत चढते. मधल्या काळात मालकाच्या खिशात जे येतं ते मजुराच्या ताटातून गेलेलं असतं. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे दिसणारच.

आता त्या फलकाचं. 15 डिसेंबर 1925 ला हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, 1934 साली कायदा झाला आणि 1 एप्रिल 1935 ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. चलनावरचं त्यांचं पुस्तक आणि साक्ष ही त्या चर्चेतली महत्त्वाची नोंद आहे. त्यापुढे जाऊन एकट्या बाबासाहेबांनी बँक स्थापन केली असं म्हणणं मला बरोबर वाटत नाही. काही कार्यकर्त्यांना हे ऐकून राग येतो. पण ज्या माणसाने आकड्याला धरून बोलायची सवय लावली, त्याच्या नावावर वाढवलेला आकडा लिहायची आपल्याला गरज काय? खरं आहे तेच पुरेसं मोठं आहे.

1927 सालापाशी मात्र मला थोडं रेंगाळायचं आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला बाबासाहेब मुंबई विधिमंडळात नियुक्त सभासद झाले. 24 फेब्रुवारीला त्यांचं अर्थसंकल्पावर पहिलं भाषण झालं. शेतसाऱ्यावरचा त्यांचा मुद्दा साधा होता. आयकर कमावलेल्या उत्पन्नावर लागतो, वर्षभरात उत्पन्न झालं नाही तर भरावा लागत नाही. शेतसारा मात्र पीक येवो न येवो, एक एकरवाल्यालाही चुकत नाही. मग 12 मार्चला शिक्षणाच्या तरतुदीवर ते बोलले. इलाख्यात शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च होतात आणि त्याच लोकांकडून दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल होतात, हे त्यांनी सभागृहात ठेवलं. शाळेत नाव घातलेल्या 100 मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त 18 पोहोचतात. या वेगाने गेलं तर सगळी मुलं शाळेत यायला 40 वर्षं आणि सगळ्या मुली यायला 300 वर्षं लागतील.

त्यांनी सरकारच्याच वर्गवारीतून पुढचा हिशेब काढला. प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची हजारी 119 मुलं, मुसलमानांची 92, मधल्या जातींची 38 आणि मागासलेल्यांची 18. माध्यमिक शिक्षणात लाखामागे पुढारलेल्यांची 3000, मागासलेल्यांची 14. कॉलेजात दोन लाखांमागे पुढारलेले 1000, आणि मागासलेल्यांच्या रकान्यात जवळपास शून्य. लोकसंख्येत जे सर्वांत कमी ते शिक्षणात सर्वांत पुढे. सरकारकडे हे आकडे आधीपासून होते, छापलेले होते. ते एका शेजारी एक ठेवायचं काम कोणी केलं नव्हतं.

आणि या भाषणानंतर आठ दिवसांनी महाड.

आपण महाडकडे पाण्याच्या हक्काचा लढा म्हणून बघतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या पायाशी पैशाची एक ओळ होती. ऑगस्ट 1923 मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. युक्तिवादाचं मूळ कुठे आहे बघा. पैसा सगळ्यांचा, तर पाणी सगळ्यांचं. तीन वर्षांनी त्यात भर पडली की ज्या नगरपालिका हे पाळणार नाहीत त्यांचं अनुदान थांबवावं. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्येच चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर तळं खुलं होतं आणि तिथे एकही अस्पृश्य पाणी प्यायला गेलेला नव्हता.

19 आणि 20 मार्च 1927 ला परिषद भरली. हजारो माणसं जमली. त्यांच्यासाठी पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. किती रुपयांचं? 40 रुपयांचं. परिषदेच्या खर्चातली ही एक नोंद मी वर्गात नेहमी फळ्यावर लिहिते. गावात सार्वजनिक तळं आहे, ते नगरपालिकेच्या ताब्यात आहे, ती नगरपालिका आपल्याही पैशावर चालते, आणि तरी पाण्याचे 40 रुपये. त्या एका नोंदीत अस्पृश्यता पूर्ण वाचता येते. 20 तारखेला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. नंतर सवर्णांनी हल्ला केला, ठराव मागे घेतला, तळं गोमूत्राने शुद्ध केलं आणि कोर्टात दावा लावला की तळं सार्वजनिक नाहीच. तो दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 17 मार्च 1937 ला बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. दहा वर्षं.

माहिती गोळा करायचं काम त्यांनी कधी दुसऱ्यावर सोडलं नाही. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. 1929 मध्ये त्या निमित्ताने फिरताना चाळीसगावला महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना थांबवून घेतलं. स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना बसवायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला, ज्याने आधी कधी टांगा हाकलेला नव्हता. नाल्यावरच्या पुलावर चाक दगडांत अडकलं, टांगा आणि घोडा खाली गेले, बाबासाहेब फरशीवर आपटले आणि पाय मोडला. अस्पृश्यांच्या हालांचा तपास करणाऱ्या सभासदाच्या नावावर ही नोंद अशी आपोआप जमा झाली.

पुढची वर्षं भराभर सांगते. गोलमेज परिषद, पुणे करार, स्वतंत्र मजूर पक्ष, खोतीविरोधी बिल, 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं. त्या खात्यात त्यांनी काय केलं यावर आपल्याकडे कामाचे आठ तास एवढंच बोललं जातं. त्यांच्याच कारकिर्दीत कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी आणि राहणीमान निर्देशांकाचं काम उभं राहिलं, आणि 1944 मध्ये कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला रेगे समिती नेमली गेली. आज ज्या निर्देशांकावर महागाई भत्ता मोजतात, त्याच्या मागे कोणीतरी आधी कामगाराच्या घरात जाऊन तांदूळ किती, रॉकेल किती, भाडं किती हे लिहून घेतलं पाहिजे, हा विचार आहे.

ऑक्टोबर 1942 मध्ये त्यांनी लिनलिथगोंना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. नोकऱ्या, शिक्षण, सरकारी कंत्राटं, प्रत्येक ठिकाणी आपला वाटा किती आणि हातात किती. शिक्षणाच्या बाबतीत त्यांनी बोट ठेवलं ते अनुदानावर. बनारस हिंदू विद्यापीठाला केंद्राकडून वर्षाला 3 लाख, अलीगढला 3 लाख, मग आमच्या मुलांसाठी काय? पैसे मंजूर झाले, मुलं परदेशात शिकायला गेली, आणि 1944 पासून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. हा लेख वाचणाऱ्यांपैकी कितीजण त्या शिष्यवृत्तीवर शिकले असतील? मी शिकले.

घटना लिहितानाही वही त्यांच्या मनातून गेली नव्हती. कायद्याशिवाय कर लावता येणार नाही, विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, आणि काढलेला पैसा ठरलेल्या कामावरच गेला का हे बघणारा स्वतंत्र अधिकारी असेल. तो अधिकारी म्हणजे भारताचा नियंत्रक व महालेखापरीक्षक, अनुच्छेद 148 ते 151. मे 1949 मध्ये घटना समितीत या पदावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी त्याला न्यायाधीशांपेक्षाही महत्त्वाचं स्थान दिलं आणि त्याच्या मसुद्यातलं स्वातंत्र्य पुरेसं नाही अशी नाराजीही बोलून दाखवली. आपण कॅगचे अहवाल घोटाळ्याची बातमी आली की ऐकतो. ते अहवाल विधिमंडळापुढे ठेवणं घटनेने बंधनकारक केलेलं आहे, म्हणजे ते तुमच्या-माझ्यासाठीच आहेत. सप्टेंबर 1951 मध्ये राजीनामा देतानाही हिंदू कोड बिलासोबत त्यांनी आकडा पुढे केला. देशाचं वर्षाचं उत्पन्न 350 कोटी, त्यातले 180 कोटी सैन्यावर. परराष्ट्र धोरण चुकलं की त्याची किंमत अंदाजपत्रकात कुठे दिसते, ते त्यांनी दाखवलं.

14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर आपण बौद्ध झालो, आणि 6 डिसेंबरला ते गेले. त्यानंतर जे झालं ते त्यांना बघावं लागलं नाही. धर्म बदलला म्हणून केंद्राच्या रकान्यातून आपण गळालो. महाराष्ट्राने 1960 मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्रात नवबौद्ध अनुसूचित जातीत मोजले जायला 1990 साल उजाडलं. चौतीस वर्षं. माणसं तीच, वस्ती तीच, काम तेच. एका रकान्याचं नाव बदललं आणि शिष्यवृत्ती, जागा, निधी यांचा हिशेब बदलला.

रकान्याची ही गोष्ट अजून संपलेली नाही. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना 1979-80 पासून आहे. तत्त्व असं की राज्याच्या विकासखर्चात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ते प्रमाण 11.8 टक्के. अर्थसंकल्पात हा पैसा ओळखायची खूण म्हणजे लघुशीर्ष 789. दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी या वाट्यातले सुमारे 744 कोटी दुसरीकडे वळवल्याचं माहितीच्या अधिकारातून बाहेर आलं. आपल्याकडे मे 2025 मध्ये सामाजिक न्याय खात्याचे सुमारे 410 कोटी लाडकी बहीण योजनेकडे गेल्यावरून त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. सरकारची बाजू अशी की लाभार्थींमध्ये अनुसूचित जातीच्या भगिनीही आहेत. असतीलच. पण हाच पैसा वसतिगृहासाठी ठेवलेला असेल, तर वसतिगृहाच्या यादीतली मुलगी कुठे जाणार, हे त्या 789 च्या ओळीत लिहिलेलं नसतं. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने 2013 मध्ये या निधीसाठी कायदे केले. आपल्याकडे अशा कायद्याची मागणी कार्यकर्ते वर्षानुवर्षं करत आहेत.

मला स्वतःला ही गोष्ट उशिरा कळली. काही वर्षांपूर्वी एका वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी आम्ही एका कार्यालयात खेटे घालत होतो. निधी नाही, एवढंच उत्तर. चौथ्या खेपेला तिथल्या एका वयस्कर कारकुनाने हळूच सांगितलं, मॅडम, निधी नाही असं कुठे असतं, तुम्ही मागच्या वर्षीचा अखर्चित निधी विचारा. आम्ही माहिती अर्ज टाकला. दुर्बल घटकांसाठी ठेवलेली तरतूद होती, वर्षअखेरीला तशीच पडून राहिली होती. अभ्यासिका झाली का? अर्धी झाली. पत्रे बसले, टेबलं आली, पुस्तकांचा प्रस्ताव अजून फिरतो आहे. पण त्या दिवसापासून निधी नाही हे उत्तर ऐकून आमच्यातला कोणी परत येत नाही.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. आपल्या जयंती समित्या, विहारांची बांधकामं, वर्षावासाच्या वर्गण्या, यांचा जमाखर्च किती ठिकाणी सूचनाफलकावर लागतो? मी हे एका बैठकीत विचारलं तेव्हा थोडी शांतता झाली. मग एका ज्येष्ठ बाईंनी स्वतःच्या महिला मंडळाची वही पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. फुलं, मेणबत्त्या, खीर, टेम्पोचं भाडं, शिल्लक 312 रुपये, सगळं तारखेनिशी. पुढच्या आठवड्यात दोन समित्यांनी आपापले कागद आणले. एका समितीने आणले नाहीत, अजून आणलेले नाहीत.

कॉमर्सच्या त्या मुलीने गेल्या दोन शनिवारांत राज्याच्या अर्थसंकल्पातली 789 ची पानं वेगळी काढली आहेत. आता महापालिकेचं अंदाजपत्रक घ्यायचं आहे, आधी दुर्बल घटकांची पानं, मग शाळा, मग पाणी. मूळ तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने पाडून मोठ्या कागदावर उतरवायचे आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी शनिवारी सहाला या. पट्टी आणि पेन्सिल आणा, खोडायला फार लागतं.